ताईच्या छातीतलं पाणी

शुद्धलेखन चुकलं तर माफ करा, मी सातवीत शाळा सोडली.

ताईच्या छातीत पाणी झालं होतं. शहरातल्या डॉक्टरांनी संगणकावर एक्स-रे पाहून फोनवर उजवी बाजू सांगितली. आमच्या गावच्या दवाखान्यातले मोठे डॉक्टर मिरीकर हसले.

"शंभर मैलांवरून त्याला काय दिसणार? खरी फिल्म माझ्या हातात आहे. पाणी डावीकडं आहे."

त्यांनी पाणी काढायची सुई उचलली. शेवंता सिस्टर हळूच म्हणाल्या, "सर, मग केसपेपरवर हृदय उजवीकडं आहे असंही लिहू का? तुमच्या फिल्ममध्ये तसंच दिसतंय."

फिल्मची मागची बाजू पुढं आली होती, म्हणून डाव्याचं उजवं झालं होतं. डॉक्टरांनी फिल्म पालटली, सुई उजवीकडं नेली आणि पाणी निघालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती फिल्म खिडकीत धरली आणि आधी ताईचं हृदय शोधलं.