राजेसाहेबांची लाकडी मोटार

एका संस्थानाच्या गावी सगुण चितारी नावाचा एक कारागीर राहत होता. लाकडाच्या इवल्याशा गाड्या कराव्यात तर त्यानेच! त्याच्या गाडीचे दार उघडे, दिव्यात काच बसे, गादीवरची शिवणसुद्धा दिसे. बघणारा तोंडात बोट घाली आणि सगुणला ते बोट बघायची भारी हौस. खोटे कशाला बोला, हात होताच तसा.

राजेसाहेबांच्या दिवाणखान्यात काचेचे एक कपाट होते. घराण्यात आलेल्या प्रत्येक वाहनाची लहान प्रतिकृती त्यात मांडलेली होती. आजोबांचा मेणा होता, वडिलांची बग्गी होती. ती बग्गी सगुणच्या वडिलांनी केली होती आणि त्याबद्दल दरबारी कारागिराचा शेला त्यांच्या खांद्यावर पडला होता. ते गेल्यापासून ती जागा रिकामीच होती. यंदा राजेसाहेबांनी दवंडी पिटवली, की आमच्या मोटारीची जो हुबेहूब प्रतिकृती करील, त्याला दसऱ्याच्या दरबारात तो मान मिळेल. सगुणला लहानपणापासून स्वप्नातही तोच शेला दिसत होता. तो जेवणखाण विसरून कामाला लागला.

लाकूडकाम करणाऱ्या चिताऱ्यांची एक जुनी रीत आहे. लाकूड कोरून झाले की त्यावर नुसता गेरू फासायचा. मग वस्तू उंचावर ठेवून लांब जायचे आणि वळून बघायचे. रंग नाही, चमक नाही. दिसतो तो फक्त घाट, म्हणजे वस्तूची मूळ ठेवण. तो साधला असेल तरच पुढची नक्षी करायची.

"गेरूचो हात मारलात मा?" सगुणच्या बायकोने, सत्यभामेने, विचारले.

"गेरू शिकाऊ पोरांका! माझो हात कधी चुकता काय?" सगुण म्हणाला. त्याला तिळाएवढा भोंगा बसवायची घाई झाली होती.

दसरा आला. चौरंगावर सगुणची मोटार ठेवली गेली. दरबारी भिंग घेऊन तिच्यावर माशांसारखे घोंगावू लागले. कोणी भोंगा दाखवी, कोणी नंबराची पाटी वाचून दाखवी. सगुण रिवाजाप्रमाणे दूर दाराशी उभा होता. तिथून त्याला ना भोंगा दिसत होता, ना पाटी. दिसत होती नुसती गाडी. खिडकीबाहेर अंगणात राजेसाहेबांची खरी मोटार झेंडूच्या माळा घालून उभी होती. सगुणने एकदा तिच्याकडे पाहिले, एकदा आपल्या गाडीकडे, आणि पुन्हा तिच्याकडे.

खरी मोटार ठेंगणी, ऐसपैस होती. तिची पाठ छपरापासून मागच्या चाकापर्यंत एका ओघात उतरत गेली होती. सगुणच्या गाडीचे छप्पर उंच आणि पाठ ताठ! दिवा, मूठ, चाक, एकेक गोष्ट त्याने डोळ्याला लावून पाहिली होती. अख्खी मोटार मात्र त्याने पाहिलीच नव्हती.

राजेसाहेबांनी शेला उचलला. सगुण गप्प बसला तर कोणाला कळणार होते? पण ही खोटी गाडी बापाच्या बग्गीशेजारी जन्मभर उभी राहणार, हे काही सगुणला सोसेना.

"सरकार, शेला ठेवा," तो म्हणाला. "ही आपली मोटार नव्हे."

सारा दरबार हसला. कारभारी म्हणाले, "सगुणा, लक्ष्मी टिळा लावायला आली आणि तू तोंड धुवायला निघालास?"

"इथे दाराशी येऊन बघा, सरकार."

राजेसाहेब दाराशी आले. त्यांनी वळून पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. "खरेच रे. ही आमची नव्हे. पण आम्हांला ते कळलेच नव्हते. मग तू का सांगितलेस?"

"आपल्याला कळले नव्हते, सरकार. मला कळले होते."

शेला पुन्हा तबकात गेला. सगुण रिकाम्या हाताने घरी आला. इतक्या जवळ आलेला मान स्वतःच्या तोंडाने परतवायला वाघाचे काळीज लागते. शाबास त्या गड्याची!

त्याने नवे लाकूड घेतले. या खेपेला दिव्याला हात नाही, मुठीला हात नाही. पाठ तासायची, गेरू फासायचा, गाडी अंगणाच्या दगडी गडग्यावर ठेवायची आणि लांब जाऊन बघायचे. "अजून पाठ ताठ हा," सत्यभामा म्हणे, की पुन्हा तासायची. असे करता करता एका संध्याकाळी तिने मान डोलावली. सगुणने ती गेरूची गाडी उचलली आणि खऱ्या मोटारीशी ताडून बघायला राजवाड्यावर नेली.

वाड्याच्या फाटकाशी पहारेकरी स्टुलावर पेंगत होता. सगुणने गाडी फाटकालगतच्या गडग्यावर ठेवली आणि बघायला तो लांब गेला. मावळतीचा सूर्य गाडीच्या मागे होता. पहारेकऱ्याने एक डोळा उघडला. उजेडात त्याला दिसला तो फक्त काळा आकार, लांबून रस्त्याने येणाऱ्या मोटारीसारखा. तो ताडकन उठला, पगडी डोक्यावर चेपली, फाटक सताड उघडले आणि ओरडला, "सरकार इले! सरकार इले!" मग कमरेत वाकून त्याने मुजरा केला.

सरकार तर वर सज्जात उभे होते! हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. शेला घेऊन ते स्वतः खाली आले आणि त्यांनी तो सगुणच्या खांद्यावर घातला.

"जिला दिवा नाही, दार नाही, रंग नाही, तिला आमचा माणूस मुजरा करतो," ते म्हणाले. "सगुणा, हीच आमची मोटार. आता हिला खुशाल भोंगा बसव."

तात्पर्य: बारीक नक्षीने डोळे दिपतात, पण ओळख पटते ती घाटावरून. म्हणून आधी मूळ साधावे, मग नक्षी करावी. आणि आपली चूक जगाला दिसली नाही तरी आपल्याला दिसली, की तेवढे पुरे समजावे.