कौलाखालचा ठसा

“बार्बा, तो चेंडू आत होता की बाहेर?”

बार्बा फ्रानेने मान वर केली नाही. पुढ्यात गोणपाट, त्यावर जुन्या कौलांचा ढीग, हातात लाकडी मोगरी. एक कौल उचलायचं, दगडावर ठेवायचं आणि ठेचायचं, एवढंच चाललं होतं.

“सात वर्षांनी या कोर्टावर पाय ठेवतेस,” तो म्हणाला. “आधी बस तरी.”

“बसायला वेळ नाही. पाचची बोट गाठायची आहे.”

“मग उभी राहा.”

नेवेंका उभी राहिली. एकवीस वर्षांची, उंचीला म्हाताऱ्याच्या दीडपट, खांद्याला रॅकेटांची पिशवी. वर्षभरात ती जगाच्या क्रमवारीत दोनशेव्या जागेवरून एकतिसाव्या जागेवर आली होती. क्रोएशियातल्या वर्तमानपत्रांनी तिला डोक्यावर घेऊन नाचवलं होतं. तीन आठवड्यांपूर्वी त्यांनीच तिला तितक्याच हौसेने खाली आपटलं.

त्या किनाऱ्यावर वयाने आणि मानाने मोठ्या माणसाला बार्बा म्हणतात, आपण आबा म्हणतो तसं. हा बार्बा मूळचा घरं शाकारणारा. तरुणपणी स्प्लिट शहरातल्या एका टेनिस क्लबात कोर्टाची निगा राखायच्या कामाला होता. तिथे बघून बघून खेळ शिकला आणि परत आपल्या बेटावर आला. बेट एवढंसं, नकाशात शोधायला चष्मा लावावा लागतो. तिथली माणसं एकेक करून ऑस्ट्रेलियाला, अर्जेंटिनाला निघून गेली आणि घरं पडायला लागली. ज्या हातांनी फ्रानेने त्यांच्यावर कौलं चढवली होती, त्याच हातांनी ती उतरवली, कुटली, आणि त्या लाल भुकटीचं कोर्ट केलं.

लोक हसले. म्हणाले, बांधलंस खरं, पण खेळणार कोण? उरलेत सगळे म्हातारे.

मग एके दिवशी सहा वर्षांची नेवेंका आजीचा हात सोडून कोर्टावर धावत आली, आणि तो प्रश्न मिटला.

आपल्याकडे अडलेला माणूस देवाला कौल लावतो. ही पोरगीही कौल मागायलाच आली होती, आणि म्हातारा तिच्यासमोर कौलं फोडत बसला होता.

“बार्बा, मी काहीतरी विचारलं.”

“ऐकलं.”

“तुम्ही टीव्हीवर पाहिलंत ना?”

“पाहिलं. धक्क्यावरच्या कॉफीच्या दुकानात. सगळं बेट जमलं होतं. एकोणीस माणसं.”

“मग? आत की बाहेर?”

“त्याच वेळी दुकानदाराचं कुत्रं मध्ये आलं.”

नेवेंकाला हसावं की ओरडावं कळेना. तिने दोन्ही केलं नाही. पिशवी मात्र जमिनीवर आपटली.

झालं होतं ते असं. पहिलावहिला मोठा अंतिम सामना. तिला फक्त एक गुण हवा होता, मिळाला की चषक तिचा. समोरचीने मारलेला चेंडू नेवेंकाच्या बाजूला मागच्या रेषेपाशी पडला. रेषेवरचा माणूस ओरडला, “बाहेर!” समोरचीने हात वर करून हरकत घेतली. लाल मातीवर चेंडूचा ठसा उमटतो, म्हणून पंच तो ठसा बघायला खुर्चीवरून उतरायला लागले. तीन पायऱ्या उतरायला असा कितीसा वेळ लागतो? पण तेवढ्यात नेवेंकाचा पाय आपोआप पुढे गेला आणि त्याने तो ठसा पुसून टाकला.

ठसा जो पुसतो, त्याचा गुण जातो. खेळाचा नियमच आहे तसा. प्रेक्षकांतून एकच हाय निघाली. त्यानंतर ती जी घसरली ती सामना हरूनच थांबली.

तिला वेड लागलं होतं, असं काही जणांनी लिहिलं. वेड कसलं, सवय होती. बार्बाच्या कोर्टावर ना पंच, ना रेषेवर माणूस. ज्याच्या बाजूला चेंडू पडेल, त्याने सांगायचं. आणि पहिला नियम हा, की शंका आली तर ठसा पायाने पुसायचा आणि गुण समोरच्याला द्यायचा. सहाव्या वर्षापासून चौदाव्या वर्षापर्यंत तिचा पाय हेच शिकला होता.

“तुमच्या त्या नियमाने माझा चषक गेला,” ती म्हणाली.

मोगरी थांबली नाही.

“त्यानंतर दोन स्पर्धा खेळले. दोन्हींत पहिल्याच सामन्यात बाहेर. चेंडू रेषेजवळ पडला की माझा हा पाय लाकडासारखा होतो, बार्बा. हलतच नाही. सोमवारी मी परदेशातल्या अकादमीत जाणार आहे. तिथल्या प्रशिक्षकांनी तोंडावर सांगितलंय, ती सवय मोड, नाहीतर खेळ सोड.”

“बरोबर सांगितलं असेल. शिकलेला माणूस आहे.”

“तो व्हिडिओ मी शंभरदा पाहिला. कॅमेऱ्याच्या आड माझीच पाठ येते. मला एवढंच कळू दे... चेंडू आत होता, तर मी बरोबर वागले. बाहेर होता, तर मी मूर्ख. एकदा काय ते कळलं की मी मोकळी.”

“असं?”

“तुम्ही असला नियम शिकवलातच कशाला?”

बार्बाने हातातलं अर्धं कौल निरखून पाहिलं.

“बेटावर खेळणारी आपण दोनच माणसं,” तो म्हणाला. “ठशावरून भांडलो असतो, तर दुसऱ्या दिवशी खेळलो असतो कुणाशी?”

  जगभर फिरलेल्या त्या मुलीने मग जुनं दुखणं उकरून काढलं. 

“आठ वर्षांत तुम्ही मला एकदाही शाबास म्हणाला नाहीत,” ती म्हणाली. तिचा आवाज चिरकला. “मी जिंकते तेव्हा हजार माणसं टाळ्या वाजवतात. आणि मी वेड्यासारखी... त्यांत तुम्ही आहात का ते बघते.”

म्हाताऱ्याने मोगरी खाली ठेवली.

“कोर्टावरून जाळी ओढ,” तो म्हणाला.

“काय?”

“विसरलीस? खेळणाऱ्याने आधी जाळी ओढायची.”

“मी कुठे खेळायला आलेय?”

बार्बाने पुन्हा मोगरी उचलली.

जगातली एकतिसावी खेळाडू रागारागाने कुंपणापाशी गेली. माती सारखी करायची जड दोराची ती जाळी खुंटीवरून काढली आणि कोर्टावरून ओढायला लागली. बाहेरच्या कडेने सुरुवात करायची आणि गोल गोल फिरत मधोमध यायचं, हे तिला आठवावं लागलं नाही. दुसऱ्या फेरीला लाल धूळ उडाली. ऊन खाल्लेल्या मातीचा, पाइनच्या चिकाचा आणि खाऱ्या वाऱ्याचा मिळून एक वास आला, आणि तिचा राग कुठल्या कुठे गेला.

गेल्या वर्षात ती एकेचाळीस हॉटेलांत झोपली होती. सकाळी जाग आली की न्हाणीघर उजवीकडे की डावीकडे हे आठवायला क्षणभर लागायचं. त्या एकेचाळीस खोल्यांत हा वास कधी आला नव्हता. आपण चषकासाठी हुरहुरतोय असं तिला इतके दिवस वाटत होतं. आता जाळी ओढताना कळलं, त्या हुरहुरीचा चषकाशी काही संबंध नव्हता.

पलीकडच्या बाजूला, मागच्या रेषेपाशी, जाळी अडकली.

तिथे जमिनीवर एक कौल पालथं घातलेलं होतं. खाली प्लॅस्टिकचा कागद, वर जडसा दगड. भोवती दर वसंतात नवी भुकटी पडून जमीन बोटभर वर आली होती, त्यामुळे कौल खळग्यात बसल्यासारखं दिसत होतं, आणि जुनी रेषा खाली बुजून नवी अंदाजानेच आखलेली होती.

“बार्बा, हे काय मध्येच?”

“वळसा घाल.”

“पण आहे काय हे?”

“उन्हाळ्यात पर्यटक येतात, तेही विचारतात. मी सांगतो, मांजर पुरलंय.”

“मग ते खेळतात कुठे?”

“अलीकडचा अर्धा भाग देतो. भिंतीवर चेंडू मारा म्हणतो.”

“आणि तुम्ही?”

“मी कुणाशी खेळू?”

हे त्याने इतक्या साधेपणाने सांगितलं, की नेवेंकाच्या हातातला दोर सुटला.

म्हातारा गुडघ्यावर हात टेकून उठला. लंगडत लंगडत रेषेपाशी आला. दगड बाजूला केला, कौल उचललं, मग प्लॅस्टिकचा कागद हलकेच सोडवला, आतलं मूल झोपलेलं असावं तसा.

खाली चेंडूचा ठसा होता. लांबट, एका बाजूने फिकट, कडा अजून स्पष्ट.

तिला ओळख पटायला थोडा वेळ लागला. मग सगळंच आठवलं.

चौदा वर्षांची होती ती. झाग्रेबच्या अकादमीत निघाली होती, सामान धक्क्यावर पोचलं होतं. जाता जाता एक शेवटचा सामना. आठ वर्षांत तिने बार्बाला एकदाही हरवलं नव्हतं, आणि त्या दिवशी आणखी एकच गुण मिळाला की जिंकणार होती. तिने जीव खाऊन चेंडू मारला. तो इथे, त्याच्या रेषेपाशी पडला. बाजू त्याची, म्हणजे सांगायचं त्याने. तो वाकून बघायला लागला आणि तेवढ्यात बोटीचा भोंगा वाजला. खालून आई हाका मारायला लागली. नेवेंकाने रॅकेट पिशवीत कोंबली आणि उतारावरून धावत सुटली. धावता धावता ओरडली होती, “पुढच्या वेळी सांगा!”

पुढची वेळ आलीच नाही. मधे एकदा आजीच्या दफनाला ती बेटावर आली होती, सकाळच्या बोटीने आली आणि दुपारच्या बोटीने गेली. बार्बा तेव्हा टोपी हातात धरून सगळ्यांच्या मागे उभा होता. ती त्याच्याशी बोललीही नव्हती.

“सात वर्षं...” ती म्हणाली. “तुम्ही हा सात वर्षं...”

“पाऊस येतो. हिवाळ्यात बुरा येतो.” बुरा हा तिकडचा उत्तरेकडून येणारा वारा, आणि आपल्या कानांना वाटतो तसाच आहे. “दोनदा कौल उडवून नेलं त्याने. मग दगड ठेवला.”

“पण तुम्हीच शिकवलंत ना, शंका आली तर पुसायचं?”

“शिकवलं.”

“मग पुसला का नाहीत?”

बार्बा ठशाकडे बघत राहिला. पाइनमध्ये रातकिडे किरकिरत होते, भर दिवसा.

“पुसला असता तर सामना संपला असता,” तो म्हणाला.



दूर, खाडीच्या तोंडाशी, पाचच्या बोटीने भोंगा दिला. दोघांनीही तिकडे पाहिलं. बोट अजून लहान दिसत होती. धक्क्याला लागून पुन्हा सुटायला तिला पाव तास तरी लागला असता.

“मी पुढच्या उन्हाळ्यात येईन,” ती घाईने म्हणाली. “झाकून ठेवा. बार्बा, तो झाकून ठेवा.”

म्हाताऱ्याने मान हलवली. नाही म्हणाला, की फक्त मान हलवली, तिला कळलं नाही.

मग त्याने दुखरा पाय उचलला, फाटका कॅनव्हासचा बूट ठशावर ठेवला आणि एकदाच, सावकाश, पुसून टाकला.

ठसा जो पुसतो, त्याचा गुण जातो. गुण तिचा झाला. गुणाबरोबर सामना तिचा झाला.

नेवेंका तोंडावर हात धरून उभी होती. मोठमोठ्या स्टेडियममध्ये ती रडली नव्हती. अंतिम सामना हरली तेव्हाही रडली नव्हती. आता मात्र डोळ्यांना धारा लागल्या आणि तिने त्या पुसल्याही नाहीत.

बार्बाने हात पुढे केला. सामना संपला की हरणाऱ्याने करायचा, तसा. तिने तो दोन्ही हातांत धरला. लाल भुकटीने माखलेला, खरखरीत हात होता. तो त्याने लगेच सोडवून घेतला नाही.

“जा,” शेवटी तो म्हणाला. “बोट थांबत नाही.”

तिने पिशवी खांद्याला लावली. फाटकापर्यंत गेली. आणि वळलीच.

“बार्बा... तो माझा चेंडू आत होता ना?”

म्हातारा आपल्या गोणपाटापाशी जाऊन बसला होता. सात वर्षं पालथं पडलेलं ते कौल त्याने दगडावर ठेवलं आणि मोगरी उचलली.

“चांगला चार बोटं बाहेर होता, पोरी.”