अर्जनविसाचं ग्राफिक कार्ड

एका तालुक्याच्या गावी, तहसील कचेरीच्या फाटकासमोर, विश्राम टंकसाळे नावाचा एक अर्जनवीस बसत असे. अर्जनवीस म्हणजे लोकांचे अर्ज लिहून देणारा. कुणाचा उत्पन्नाचा दाखला अडला, कुणाच्या सातबाऱ्यावर भलतंच नाव चढलं, कुणाची पेन्शन थांबली, की तो माणूस विश्रामच्या टपरीत येऊन बसे आणि आपलं रडगाणं सांगे. विश्राम सगळं ऐकून घेई, त्यातलं रडगाणं बाजूला काढी आणि उरलेलं साहेबाला चटकन कळेल अशा शब्दांत टाइप करी. या कामात त्याचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता. पण स्वतःला अर्जनवीस म्हणवून घेणं त्याला आवडत नसे. टपरीवर त्याने पाटी लावली होती, 'टंकसाळे कॉम्प्युटर्स'. आत कॉम्प्युटर एकच होता.

आणि तो तरी कसला! पंधरा वर्षांचा डबा. सकाळी बटण दाबलं की विश्राम टपरी झाडून घेई, उदबत्ती लावी, समोर जाऊन चहा पिऊन येई, तरी पडद्यावरचं चाक आपलं गरागरा फिरतच असे. गिऱ्हाईक म्हणे, "अहो भाऊ, साहेब जेवायला जातील ना!" मग काही गिऱ्हाईकं कोपऱ्यावरच्या नव्या सेंटरकडे वळली. तिथल्या मुलीला अर्जाची भाषा येत नव्हती, पण तिचं यंत्र झटपट होतं. विश्रामची टपरी ओस पडायला लागली.

विश्रामची बायको इंदुमती हे सगळं बघत होती. त्या महिन्यात तिची भिशी लागली. पंधरा हजार रुपये हातात आले. स्वयंपाकघरावरचे फुटके पत्रे बदलायचे, हे तिने वर्षभर मनात धरलं होतं. तरी तिने ते पैसे नवऱ्यापुढे ठेवले.

"आधी कॉम्प्युटर धड करून आणा," ती म्हणाली. "टपरी चालली तर घर चालेल. आणि हे बघा, जे उरेल ते परत माझ्या हातात. पत्र्यांना लागेल."

"उरतील गं बाई, पुष्कळ उरतील," विश्राम म्हणाला. त्याने तो डबा जुन्या चादरीत बांधला आणि एसटीने जिल्ह्याच्या गावी निघाला.

तिथे मुनीरभाईंचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. माणूस सरळ. गिऱ्हाईक आलं की काहीही विकण्याआधी ते एकच गोष्ट विचारत, "यावर काम काय करता?" उत्तर ऐकायचं आणि त्याला साजेसं सामान काढून द्यायचं, अशी त्यांची रीत होती. गिऱ्हाइकाने दिलेलं उत्तर खरं की खोटं, हे तपासण्याच्या भानगडीत ते पडत नसत.

विश्राम आत शिरला तर गल्ल्यापाशी ओळखीचाच माणूस उभा. त्याच्याच गावचा श्रीपती गुरव. एसटी स्टँडजवळ श्रीपतीचा फोटो स्टुडिओ होता. दोघांनी एकमेकांना "काय, कसं काय?" केलं. तेवढ्यात मुनीरभाईंनी श्रीपतीला विचारलं, "बोला, काम काय करता?"

श्रीपतीने एकदा विश्रामकडे पाहिलं. मग घसा साफ केला. "लग्नांचे व्हिडिओ. ड्रोनचं शूटिंग असतं, त्याचं एडिटिंग."

अरेच्चा! विश्राम चाट पडला. हा मनुष्य एवढ्या मोठ्या कामाला लागला आणि आपल्याला पत्ता नाही! मुनीरभाईंनी श्रीपतीपुढे एक चकचकीत खोका ठेवला. ते ग्राफिक कार्ड होतं. पडद्यावर चित्रं भराभर हलावीत म्हणून बसवतात ते. श्रीपतीने बिनतक्रार पैसे मोजले, पण तिथून हलला नाही. विश्राम काय घेतो ते बघत थांबला.

"आणि तुम्ही, भाऊ?" मुनीरभाईंनी विचारलं. "काम काय करता?"

आता खरं उत्तर अगदी सोपं होतं. मी अर्ज लिहितो, एवढंच बोलायचं होतं. ते विश्रामच्या जिभेवर आलंही. पण शेजारी ड्रोनवाला श्रीपती उभा. त्याच्यापुढे अर्ज लिहितो म्हणायचं? विश्रामला नको नको झालं.

"डिझायनिंग," तो म्हणाला.

मुनीरभाईंनी त्या जुन्या डब्याकडे पाहिलं आणि पुन्हा विश्रामकडे पाहिलं. "टायपिंगपुरतं असेल तर स्पष्ट सांगा हं. हा आतला मदरबोर्ड असू दे, नुसती मेमरी वाढवतो आणि जुनी हार्ड डिस्क काढून नवी वेगवान डिस्क टाकतो. पाच-सहा हजारांत घोड्यासारखा पळेल. बाकीचे पैसे घरी न्या."

"छे, छे! टायपिंग कसलं!"

"जुन्या फॉन्टमधलं मराठी काम तर नाही ना? बोर्ड बदलला की आतलं सगळं नव्याने टाकावं लागतं. मग तो फॉन्ट चालेलच असं नाही."

"मी म्हटलं ना, डिझायनिंग," विश्राम जरा चढ्या आवाजात म्हणाला.

मुनीरभाईंनी मान डोलावली. डिझायनिंगसाठी लागतो तसा त्यांनी नवा बोर्ड बसवला, नवा प्रोसेसर बसवला आणि श्रीपतीला दिलं तसलंच ग्राफिक कार्ड बसवलं. पंधरा हजार तिथेच संपले. नव्या डिस्कला पैसे उरले नाहीत, म्हणून जुनीच आत राहिली. काढलेले सुटे भाग मुनीरभाईंनी एका पिशवीत घालून दिले. श्रीपती म्हणाला, "वा, टंकसाळे! जोरात आहे तुमचं!" विश्रामची छाती फुगली. एसटीत बसेपर्यंत ती तशीच होती.

दुसऱ्या दिवशी त्याने टपरीत कॉम्प्युटर मांडला. नव्या कार्डाच्या पंख्यांना निळे-जांभळे दिवे होते. ते लोकांना दिसावेत म्हणून त्याने डब्याची एक बाजू उघडीच ठेवली. मग बटण दाबलं. दिवे झगमगले. आणि पडद्यावरचं चाक पूर्वीसारखंच गरागरा फिरायला लागलं. विश्रामने टपरी झाडली, उदबत्ती लावली, चहा पिऊन आला. चाक फिरत होतं. खोड डिस्कची होती आणि डिस्क तर जुनीच होती.

अखेर एकदाचं यंत्र सुरू झालं. विश्रामने एक जुना अर्ज उघडला आणि त्याला घाम फुटला. 'महोदय'च्या जागी इंग्रजी अक्षरं, टिंबं आणि वेडेवाकडे कंस दिसत होते. मराठी असं कुठे नव्हतंच. त्याने नव्या मराठी फॉन्टमध्ये टाइप करून पाहिलं, पण कीबोर्डच्या कळा सगळ्या भलतीकडे गेल्या होत्या. वीस वर्षं सरावलेली बोटं 'क' दाबत आणि पडद्यावर तिसरंच काहीतरी उमटे.

त्यात नेमकी त्याच दुपारी वरच्या वस्तीची माणसं आली. त्यांच्या वस्तीवरची लहानशी शाळा बंद करून मुलांना ओढ्यापलीकडच्या गावी पाठवायचं ठरलं होतं. हरकत नोंदवायची शेवटची मुदत त्या संध्याकाळपर्यंत होती. त्यांच्यात सगुणाबाई नावाची एक म्हातारी पुढे झाली.

"आवं, कोपऱ्यावरच्या पोरीकडं जाऊन आलो," ती म्हणाली. "ती म्हणती, काय ल्ह्यायचं ते तुम्ही सांगा, मी टाइप करते. आता काय ल्ह्यायचं ते आमाला ठावं असतं तर काय पायजे हुतं? तुमीच ल्ह्या."

विश्रामने दिव्यांकडे पाहिलं. मग पडद्यावरच्या वेड्यावाकड्या अक्षरांकडे पाहिलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आजी, आमचं यंत्र जरा बिघडलंय."

"मग हातानं ल्ह्या की! तुमचं शबूद असलं म्हंजी झालं."

विश्रामने कागद ओढला आणि हाताने लिहायला बसला. विषय लिहिला, संदर्भ लिहिला. ओढा पावसाळ्यात कसा भरतो, किती लहान मुलं आहेत, त्यांनी पलीकडे जायचं कसं, सगळं दीड पानात बसवलं. एकही शब्द वावगा पडला नाही. माणसांनी सह्या केल्या, अंगठे उठवले, आणि कचेरी बंद व्हायच्या आत अर्जावर पोचेचा शिक्का पडला. सगुणाबाईने पैसे देऊन वर दोन मुठी शेंगा टेबलावर ठेवल्या.

वस्तीची माणसं आनंदात गेली. विश्राम मात्र तिथेच बसून राहिला. ज्या कामासाठी माणसं डोंगरावरून चालत आली, तेच काम आपण काल दुकानात नाकारलं, हे त्याच्या मनाला लागलं होतं.

संध्याकाळी जेवताना इंदुमतीने विचारलं, "मग? पळतो का कॉम्प्युटर?"

विश्रामने घास गिळला. "नाही."

"आणि उरलेले पैसे?"

"उरले नाहीत."

इंदुमतीचा हात थांबला. "त्या मुनीरभाईंनी फसवलं की काय तुम्हाला?"

हो म्हणणं फार सोपं होतं. मुनीरभाई तिकडे जिल्ह्याच्या गावी, ते काही खुलासा करायला येणार नव्हते. विश्राम क्षणभर घुटमळला. पण खोटं बोलल्याचा हिशेब दोन दिवसांत एवढा झाला होता, की आणखी त्यात भर घालायचं त्याच्या जिवावर आलं.

"त्यांनी नाही फसवलं," तो म्हणाला. "त्यांनी काम विचारलं. मी डिझायनिंग सांगितलं. श्रीपती शेजारी उभा होता. अर्ज लिहितो म्हणायची मला लाज वाटली."

इंदुमतीने भाकरीची टोपली पुढे ओढली. मग म्हणाली, "त्या अर्जांवर आपण दोन मुलींची लग्नं केली. त्याची लाज वाटली होय तुम्हाला?" एवढं बोलून तिने त्याला भाकरी वाढली. ती रागावून ओरडली असती तर विश्रामला बरं वाटलं असतं.

सकाळी विश्रामने ते ग्राफिक कार्ड काढलं, खोक्यात भरलं आणि श्रीपतीच्या स्टुडिओत गेला. व्हिडिओचं एवढं मोठं काम म्हणजे त्याला आणखी एक कार्ड लागेलच, असा त्याचा अंदाज होता.

"श्रीपतराव," त्याने सुरुवात केली, "तुमचा व्याप मोठा. हे एक कार्ड आहे, एक दिवस वापरलेलं. स्वस्तात देतो."

श्रीपतीचा चेहरा एकदम उतरला. त्याने कपाट उघडलं, आतून तसलाच चकचकीत खोका काढला आणि टेबलावर ठेवला. त्याचं वरचं वेष्टनसुद्धा फाडलेलं नव्हतं.

"मी दुपारी तुमच्याचकडे येणार होतो," तो म्हणाला. "म्हटलं, टंकसाळ्यांचं डिझायनिंगचं काम आहे, ते घेतील."

"अहो, पण तुमची लग्नं? तुमचं ते ड्रोन?"

"कसली लग्नं आणि कसलं ड्रोन! पासपोर्ट साइजचे फोटो काढतो मी. लोकांच्या आधार कार्डाला प्लास्टिक चढवतो. कॉम्प्युटर जरा रखडत होता म्हणून गेलो होतो. तर तुम्ही येऊन उभे राहिलात, टंकसाळे कॉम्प्युटर्स! तुमच्यापुढे काय सांगू?"

"आणि मी तुमचं ऐकून घाबरलो!" विश्राम म्हणाला.

दोघं त्या दोन खोक्यांकडे बघत बसले. थोड्या वेळाने श्रीपतीला हसू फुटलं. विश्रामला फुटलं नाही. त्याच्या स्वयंपाकघराचे पत्रे फुटके होते.

शेवटी डबा, पिशवी आणि दोन्ही खोके घेऊन दोघं मिळूनच मुनीरभाईंकडे गेले आणि खरं काय ते सांगून टाकलं. मुनीरभाईंनी कपाळावर हात मारला. विश्रामचा माल आता वापरलेला होता, त्यामुळे निम्म्याहून थोडे जास्त पैसे त्यांनी त्याला परत दिले. श्रीपतीला जरा बरे मिळाले. पिशवीतला जुना बोर्ड पुन्हा डब्यात बसला, त्याच्यासोबत वाढीव मेमरी आणि नवी डिस्क बसली, आणि जुना मराठी फॉन्टही जागेवर आला. विश्रामचा अर्ज उदबत्ती पेटायच्या आत पडद्यावर दिसायला लागला. दिवे मात्र नव्हते आणि त्यावाचून कुणाचं काही अडलं नाही.

उरलेले पैसे त्याने इंदुमतीच्या हातात ठेवले. त्यात दोन पत्रे आले. बाकीच्या फुटक्या पत्र्यांवर तिने त्या वर्षी प्लास्टिकचा कागद बांधला.

तात्पर्य: गरज सांगताना तिच्यात मोठेपणा मिसळला, की पैसा मोठेपणावर खर्च होतो आणि गरज होती तिथेच राहते. ज्या कामावर आपलं पोट भरतं त्याचं नाव चारचौघांत खणखणीत घ्यावं.