मूठ तीच, मडकं खारट

फार जुनी गोष्ट आहे. पोरांनो ऐका, आणि थोरांनो, तुम्हीही कान इकडे करा. एका राजाचे दोन गड होते, दोन्हींवर पाण्याचं एकेकच टाकं. गडावर मीठमसाला मोजायचा खटाटोप नको म्हणून राजाचा आचारी खालीच तिखटमिठाचं पीठ कालवून मडक्यांत भरी आणि तोंडाला मेण लावी. वर मडकं फोडायचं, पाणी घालायचं, शिजवायचं. बस्स!

कृती त्याने भिंतीवर लिहिली होती. पायलीभर पिठाला दोन मुठी मीठ, वगैरे. खाली ऐटीत लिहिलेलं, 'जिन्नस बाजारात नवा येईल तो घ्यावा.' शिळं म्हणून त्याला खपत नसे.

एके दिवशी पहिल्या गडाचे शिपाई धापा टाकत आले. "महाराज, वेढ्यात खायला हेच पीठ, आणि तेही खारट! पाणी पिऊन पिऊन टाकं आटलं. गड सोडावा लागला."

राजा आचाऱ्याला म्हणाला, "उद्या दुसऱ्या गडाची मडकी जायची आहेत. तोही गेला, तर या राज्यात तुला थारा नाही."

आचाऱ्याने राजासमोर, भटारखान्यातच पीठ कालवलं. मीठ अगदी बरोबर! मग कोठारातलं भरलेलं मडकं फोडलं. तोंडात घालवेना. कृती तीच, हात तेच, मूठ तीच. आचारी पार चक्रावला. "दृष्ट लागली की काय?" म्हणत कोठारातल्या मडक्यांवरून तो मीठमोहऱ्या ओवाळू लागला. दुसरं मडकं फोडलं, तेही खारटच. बिचारा रडकुंडीला आला.

तिथेच पीठ चाळणाऱ्या म्हातारीने त्याची मीठमोहऱ्यांची मूठ उघडली. "आचारीबुवा, हे मीठ कुठलं?"

"इथल्याच कोठारातलं. मडक्यांतही हेच घातलंय."

"आणि महाराजांपुढे घातलंत ते?"

"भटारखान्यातल्या जुन्या बरणीतलं. अगं, मीठ ते मीठ!"

"कसलं मीठ ते मीठ? बरणीतलं खड्याचं, हे नवं पिठासारखं बारीक. खड्यांच्या मुठीत निम्मी पोकळी, याच्या मुठीत नुसतं मीठच मीठ. नवं येईल ते घ्या, असं तुम्हीच लिहिलंत. मला कुणी विचारलं?"

आचाऱ्याने कपाळावर हात मारला. ऐटीची ओळ ओल्या फडक्याने पुसली आणि लिहिलं, 'मीठ खड्याचंच, जुन्या मिठागरातलं, तोलून. जिन्नस बदलला, तर आधी एक मडकं करून चाखावं, मग बाकीची भरावी.' सगळी मडकी नव्याने भरली.

दुसरा गड टिकला. पहिला मात्र परत आला नाही. त्या वाटेकडे नजर गेली की आचारी मान खाली घाली.

तात्पर्य: जो 'येईल ते' लिहितो, त्याला 'होईल ते' भोगावं लागतं.