फुटव्यांचा डोंगर

पूर्वी सुमेखला नगरीत धृतवर्मा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व शेळ्या राखणाऱ्यांच्या एका वाडीत जन्मला आणि पुढे तिथला मुखिया झाला. वाडीमागचा डोंगर एके काळी दाट रानाचा होता. नगरातल्या भट्ट्यांसाठी ते रान तुटले, आणि उरलीसुरली कसर वाडीने भरून काढली. कोवळे गवत यावे म्हणून लोक दर उन्हाळ्यात डोंगराला आग लावीत. वाडवडिलांची रीत ती. तिला चूक कोण म्हणणार? हळूहळू ऊन सोसवेना, पाऊस माती घेऊन धावू लागला, आणि वाडीचा एकुलता एक झरा उन्हाळा लागताच आटू लागला. लोक वाडी सोडून जाण्याची भाषा करू लागले.

बोधिसत्त्वाने डोंगर हिंडून पाहिला. तोडलेल्या खुंटांना दर पावसाळ्यात फुटवे येत. काही शेळ्या खात, उरलेले आग खाई. तो म्हणाला, "रान मेलेले नाही. आपणच त्याला डोके वर काढू देत नाही."

त्याने वाडीकडून वचन घेतले. आग लावायची नाही, चारा कापून आणायचा. ज्याची शेळी डोंगरावर चढेल, त्याने महिनाभर लांबच्या नदीवरून साऱ्या वाडीचे पाणी भरायचे. कुरकुर पुष्कळ झाली, पण फुटवे माणसाच्या उंचीचे झाले.

मग एका वर्षी पाऊस आलाच नाही. बोधिसत्त्वाचा मेव्हणा काळक वाडीतल्या लोकांसह सगळ्यांचे कळप घेऊन डोंगराच्या पायवाटेशी आला. बोधिसत्त्व वाटेत आडवा बसला होता.

"दाजी, शेळ्या डोळ्यांदेखत मरताहेत. एक दिवस चरू द्या. रान काही पळून जात नाही."

"एका दिवसात सगळे फुटवे संपतील, काळक. कळप नदीकाठी ने. तिथे अजून गवत आहे."

"निम्म्या वाटेतच मरतील."

"काही मरतील. माझ्याही मरतील. पण रानाबरोबर झराही गेला तर वाडीच उठेल."

इतक्यात बोधिसत्त्वाचीच एक शेळी त्याच्या बाजूने निसटली आणि वर जाऊन पाला ओरबाडू लागली. लोक हसले. कुणी म्हणाले, "घ्या, मुखियापासूनच सुरुवात झाली."

बोधिसत्त्वाने शेळी खाली आणून बांधली. मग कावड खांद्यावर घेतली आणि तो भर उन्हात नदीकडे चालू लागला.

आता वाट मोकळी होती. लोक काळकाकडे पाहू लागले. काळकाला मुखियाचा फार राग आला, आणि तितकेच वाईटही वाटले. "काय हट्टी माणूस आहे," तो म्हणाला आणि स्वतःच वाटेत बसला. "बघता काय? हाका नदीकडे."

संध्याकाळी बोधिसत्त्व पाणी घेऊन परतला, तेव्हा काळक तिथेच बसलेला होता. नदीच्या वाटेवर काळकाच्या निम्म्या शेळ्या मेल्या. ते ऐकून तो रडला, पण उठला नाही. पुढच्या पावसात शेजारचा उघडा डोंगर खचला. वाडीचा डोंगर जागचा हलला नाही. त्यानंतरच्या उन्हाळ्यात झरा शेवटपर्यंत वाहिला, आणि वाडी सोडून कुणी गेले नाही.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, एका भिक्षूसाठी सांगितली. साधना फळत नाही म्हणून तो अंगावरचे चीवर परत करून संघ सोडायला आला होता. शास्ते त्याला म्हणाले, "तेव्हाची वाडी म्हणजे आजचा हा संघ. मुखिया मी होतो. आणि काळक तू होतास. त्या दिवशी तू रान मोडायलाच आला होतास, भिक्षू, आणि राखत बसलास. नुकसान सोसूनही निश्चय न सोडणे, हीच अधिष्ठान पारमिता."

चीवर सावरून तो भिक्षू पुन्हा संघात जाऊन बसला.