वाढायचं कापड

पुष्कळ जुनी गोष्ट आहे. जपानातल्या एका डोंगराळ गावात एका आईला रात्रभर झोप आली नाही. घरात कुणी आजारी नव्हतं, खायलाप्यायला होतं. काळजी एकच होती, शेजारणीच्या मुलीचा किमोनो.

सणाला त्या गावातल्या सात वर्षांच्या मुली किमोनो घालून देवळात जात. रीत अशी, की किमोनो मुलीपेक्षा बराच मोठा शिवायचा आणि जास्तीचं कापड दोन्ही खांद्यांवर दुमडून टाके घालायचे. मूल वाढेल तसे टाके उसवायचे. देवळातले म्हातारे पुजारी त्या दुमडीवर हात ठेवून म्हणत, "एवढंही कापड तुला अपुरं पडो."

शेजारणीच्या मुलीचा किमोनो लाल रेशमी, त्यावर पांढरे करकोचे. हिच्या मुलीचा निळा, सुती. करकोचे सोडाच, एक चिमणीही नाही.

सकाळी आईनं कात्री घेतली. दुमड उसवली, तेवढं कापड कापलं आणि बाह्यांना जोडलं. बाह्या थेट घोट्यापर्यंत आल्या.

"आई, मग मी वाढले की काय घालू?" मुलीनं विचारलं.

"वाढशील तेव्हा बघू. आज तिच्याहून छान दिसायचंय."

देवळात सगळे बाह्यांकडे बघत राहिले. "बाई बाई, केवढ्या लांब!" शेजारीण म्हणाली. आईला फार बरं वाटलं. एवढं बरं वाटणं काही बरं नव्हे, हे तिलाही कळत होतं. पण वाटलं खरं.

मग पुजारी आले. एकेका मुलीला आशीर्वाद देत ते हिच्या मुलीपाशी थांबले. त्यांचा हात तिच्या खांद्यावर चाचपडत राहिला.

"बाळ, तुझं वाढायचं कापड कुठंय?"

"आईनं बाह्यांना लावलं."

"मग आशीर्वाद कशावर देऊ?"

मुलगी आईकडे वळली. "आई, मी आता एवढीच राहणार?"

आई तिथंच पायरीवर बसली आणि दातांनी बाह्यांचे टाके तोडू लागली. शेजारणीनं कमरपट्ट्यातून सुईदोरा काढला. "सरक, एक खांदा मी करते. आणि अशी बघू नकोस माझ्याकडे. तुझ्या लेकीचे दाट केस बघून मी रोज जळते."

दोघींनी कापड पुन्हा खांद्यांवर बसवलं. जोड लांबूनही दिसत होता. तो पुढंही तसाच दिसत राहिला, कारण कापलेलं ते कापलेलंच. पुजाऱ्यांनी त्या जोडावर हात ठेवला आणि तेच शब्द म्हटले.

तात्पर्य : आपलं मूल दुसऱ्याच्या मुलाहून सरस दिसावं म्हणून झुरणारा आपल्याच मुलाची वाढायची जागा कापून टाकतो.

घरी जाताना आईनं हे सगळं लेकीला नीट समजावून सांगितलं. लेकीनं शहाण्यासारखं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, पण पुजारी आजोबांनी तिच्यापेक्षा माझ्या खांद्यावर जास्त वेळ हात ठेवला. हो ना?"