तिला काही खायला द्या

एका गावात चर्चचा एक पाळक होता, आणि त्याला प्रश्न पडायची खोड होती. नाव शांतवन ओहोळ. त्याची मंडळी दर रविवारी उपासनेला पत्र्याच्या शेडमध्ये भरे. तिथे टाळ्या आणि ढोलकी अशी वाजे, की शेजारच्या पिठाच्या गिरणीचा आवाज बुडून जाई. पाळकाचे प्रश्न मात्र जेवताना सुरू होत. जलप्रलयात नोहाने प्रत्येक प्राण्याची जोडी तारवात घेतली, त्यात वाळवीची जोडी होती का? असली, तर तारू लाकडाचं असताना नोहाला झोप कशी लागली? बायको म्हणे, "ते नोहाला विचारा. इथं भाकरी गार होतीय."

या मंडळीत रिबका नावाची मुलगी होती. तिला लहानपणापासून फिट येई. डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्याच. मंडळीने उपास केले, पाळकाने डोक्याला तेल लावून प्रार्थना केली, आणि फिट यायची थांबली. सगळ्यांना धन्य धन्य वाटलं. तेव्हापासून दर रविवारी तिला साक्ष द्यायला उभं करत. देवाने आपलं काय भलं केलं, ते सगळ्यांसमोर सांगायचं, ही साक्ष. रिबका माइक धरून सांगे, दातखीळ कशी बसायची, तोंडाला फेस कसा यायचा. लोक डोळे पुसत आणि "हल्लेलुया!" म्हणत. पाहुणे आले, तर मंडळीचे पंच आमोसकाका तिला दोनदा उभं करत.

एक दिवस रिबका यायची बंद झाली.

पाळकाला वाईट वाटलं. त्याने येशूने बरं केलेल्या दहा कुष्ठरोग्यांच्या गोष्टीवर उपदेश केला. दहा बरे झाले, आभार मानायला एकच परत आला. "बाकीचे नऊ कुठे गेले?" पाळक गरजला. सगळ्या माना रिबकाच्या आईकडे वळल्या. सगुणाबाई पदराचं टोक पिळत बसून राहिली.

घरी जाताना पाळकाला स्वतःचाच प्रश्न चावू लागला. खरंच, कुठे गेले असतील ते नऊ? कुणी त्यांना गाठून विचारल्याचं शास्त्रात, म्हणजे बायबलात, नाही. निदान आपण तरी विचारावं, म्हणून त्याने सायकल रिबकाच्या घराकडे वळवली.

रिबका ओट्यावर शिवणयंत्र चालवत होती.

"बाळ, देवावर रागावलीस का?" पाळकाने विचारलं.

"देवावर कशाला रागावू, पास्टर? फिट थांबली, पण तिची गोष्ट थांबंना. बाजारात गेले तरी लोक म्हणतात, ती बघा फिटवाली. देवानं मला बरं केलं. तुम्ही मला बरी कधी होऊ देणार?"

सगुणाबाई बाहेर आली. "रविवारी हिला बघायला पाहुणे येणारेत, पास्टर. मुलाला आजाराचं सगळं सांगितलंय, त्याला चालतंय. पण त्याच्या आईला पोरगी उपासनेत बसलेली बघायचीय. न्यावं, तर आमोसकाका माइक देणार, आणि ती बाई पोरीच्या आधी फेसच बघणार. न न्यावं, तर स्थळ जाणार. मी करू काय?"

इतक्या प्रश्नांचा धनी, पण हा प्रश्न पाळकाला कधी पडलाच नव्हता. त्याला फार लाज वाटली.

त्या आठवड्यात त्याने शास्त्रातली मेलेल्या मुलीची गोष्ट काढली. येशू तिचा हात धरतो आणि ती उठून चालू लागते. इथवर आलं, की पाळक दर वेळी हल्लेलुया म्हणून पान उलटत असे. या वेळी तो पुढे वाचत गेला. येशूने घरच्यांना बजावलं होतं, की हे कुणाला कळू देऊ नका. आणि तिला काही खायला द्या.

पाळकाला मोठा अचंबा वाटला. एवढा चमत्कार, आणि त्यावर बोलणं जेवणाचं? मेलेली मुलगी उठली, तर सारा गाव बघायला लोटतो. पण भुकेल्या मुलीला नुसतं वाढायचं असतं.

रविवारी पाहुणे पुढच्या रांगेत बसले. उपासनेनंतर वाटायच्या पोह्यांचं पातेलं मागे ठेवलं होतं. रिबका बायकांमध्ये खाली मान घालून बसली होती. साक्षीची वेळ झाली. आमोसकाका फुललेल्या चेहऱ्याने माइक घेऊन तिच्याकडे निघाले. पाळक व्यासपीठावरून उतरला आणि त्याने माइकवर हात ठेवला.

"काका, आज पोहे आधी."

"अहो पास्टर, पाहुणे आलेत! साक्ष नको?"

"पाहुणे आलेत म्हणूनच. पोरी उपाशी आहेत."

पाळकाने स्वतः एक बशी भरून रिबकाच्या हातात दिली. मुलाच्या आईने विचारलं, "ही कोण?"

सगळी शेड कान टवकारून बसली.

पाळक म्हणाला, "ही रिबका. ब्लाउज झकास शिवते. आणि पोह्यांवर हिला लिंबू जास्त लागतं."

रिबकाने मान वर केली आणि लिंबासाठी हात पुढे केला.

तात्पर्य: भलं करणाऱ्याने ते विसरावं, हे तर सगळेच सांगतात, पण ज्याचं भलं झालं, त्यालाही ते विसरायची मोकळीक द्यावी.